दुसरं पाणी

नाताळाच्या आधी पाच आठवडे
पप्पा मिरजेच्या बाजारातून दहा किलो जव आणायचे
आणि दुकानदाराला सांगायचे, कबुतरांना.

ओल्या गोणपाटात तीन दिवसांत मोड यायचे.
मग गच्चीवर वाळवण, मग जात्यावर भरड.
पीठ नको, पीठ झालं की पाणी अडतं,
असं म्हणत स्वतःच भरडायचे.
तीस वर्षं हॉस्पिटलात कंपाउंडर,
दुसऱ्याच्या हाताच्या मापावर विश्वास नव्हता.

पातेल्यात थर्मामीटर, सहासष्टवर.
अडुसष्ट झालं की आईला हाक,
जणू तिनंच गॅस मोठा केला.
वर गोधडी. तासभर झाकण उघडायचं नाही.
मी आणि योनादादा शेजारी बसायचो कुजबुजत,
आत कुणी आजारी झोपलंय तसे.

मग तोटी.
पहिलं पाणी काकवीसारखं, तांबूस, जड,
बोट चाखलं की ओठाला ओठ चिकटायचा.
उभ्या नळीत काच तरंगायची : सत्तर.
वहीत, लाल शाईनं.

मग त्याच भरडीवर पुन्हा कढत पाणी,
पुन्हा गोधडी.
दुसरं उतरायचं ते फिकट,
वाळल्या काडाच्या रंगाचं. सदतीस.
निळ्या शाईनं.

आई म्हणायची, त्यात काय एवढं,
पुरण करताना कट निघतोच की.
पप्पा म्हणायचे, कटाला तू टाकाऊ समजतेस का, सगुणा?
आणि ती म्हणायची, मी कुठं तसं म्हटलं,
आमटी तर तुम्हीच दोनदा घेता.
हा वाद दर वर्षी, पातेलं निवेपर्यंत.

काडेचिराईत दोन्हीत, दुसऱ्यात निम्मं.
यीस्ट बेकरीतलं.
बाटल्या गोटीसोड्याच्या, बंद पडलेल्या कारखान्यातल्या,
सोड्यानं चार वेळा धुतलेल्या.
पहिलं पाहुण्यांचं : सांगलीचे काका,
आणि पाळकसाहेब, जे खोकल्यासाठी घ्यायचे.
दुसरं पप्पांचं, रोज संध्याकाळी एक,
स्टेशनातून कोल्हापूरची गाडी सुटली की.

माझ्या बारावीच्या वर्षी
दादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता
आणि मला सांगलीत डी.एड.चा फॉर्म आणून दिला होता.
मी भरडीकडे बघत म्हटलं,
म्हणजे मी दुसरं पाणी.
पप्पा काही बोलले नाहीत.
पळी माझ्या हातात दिली
आणि चष्मा पुसत बसले.

मी घाई केली नाही.
तोटी कमी सोडली, धार दोऱ्याएवढी.
वरून पाणी वाटीनं, कडेकडेनं,
भरडीला भोक पडू न देता.
दिवे लागले. कुलसुमबींची म्हैस चोथ्यासाठी
दारात येऊन उभी राहिली, हंबरली, बसली.
मी तोटी सोडली नाही.

काच म्हणाली एक्केचाळीस.
पप्पांनी नळी धुऊन पुन्हा मोजलं.
मग तिसऱ्यांदा, उजेडात नेऊन.
निळ्या शाईनंच लिहिलं,
पुढं छोट्या अक्षरात : सुवार्ता.
फॉर्मबद्दल त्या दिवशीही काही बोलले नाहीत.
मी डी.एड.च केलं.

पहिलं पाणी ईस्टरपर्यंत टिकतं,
टिकलं की जास्त चांगलं लागतं म्हणतात.
दादासाठी ठेवलेल्या चार वर्षांच्या चार बाटल्या
कपाटावर आहेत. दोहाहून फोन येतो,
ठेवलीस ना? ठेवलीय.
दुसरं मात्र पंधरा दिवसांत संपवावं लागतं,
नाहीतर आंबतं.
ते कुणासाठी ठेवता येत नाही.

शेवटच्या डिसेंबरात पप्पांना डॉक्टरांनी सगळं बंद केलं होतं.
मी अंगठ्यानं गोटी आत ढकलली,
ती खणकन वाजली, आणि ते कुशीवर वळले.
चमचाभर दिलं.
जिभेवर धरून ठेवलं बराच वेळ.

एक्केचाळीस? म्हणाले.
हो, मी म्हटलं.

वहीत खरं लिही, म्हणाले.

मी उठून अडतीस लिहिलं.